मेलिएसच्या पॅरिसमध्ये पाच दिवस

जॉर्ज मेलिएस म्हणजे जादूगाराचा सिनेमावाला झालेला, पडद्यावरच्या युक्त्यांचा आद्य उस्ताद. त्याचं पॅरिस शोधायला निघालं की पहिल्याच तासात एक गोष्ट कळते. त्याच्या पत्त्यांवर आज जवळजवळ काहीच उभं नाही. थिएटर रस्तारुंदीत गेलं, स्टुडिओ पाडला गेला, म्हातारपणी तो ज्या स्टेशनात खेळणी विकत बसायचा ते स्टेशनही गेलं, आणि निगेटिव्ह तर त्याने स्वतःच जाळली. नुसती पत्त्यांची यादी घेऊन फिरलात तर बँकांच्या आणि कॅफेंच्या पाट्या वाचून परत याल. या सफरीची तयारी म्हणजे आदल्या रात्री दोन-तीन फिल्म बघून ठेवणं. बहुतेक फिल्म एक ते तीन मिनिटांच्या आहेत, मोठ्यातली मोठीही अर्ध्या तासाच्या आसपास. लॅपटॉपवर व्हीएलसी ठेवा आणि त्यातली 'ई' ही कळ लक्षात ठेवा. ती दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. मेलिएस कळतो तो असाच, फ्रेमा मोजून.

सफर बुधवारी सुरू करून रविवारी संपवावी. कारण साधं आहे: मेलिएसचं संग्रहालय जिथे आहे ते सिनेमातेक मंगळवारी बंद असतं, पाथे या जुन्या फिल्म कंपनीचं केंद्र रविवार-सोमवारी, आणि नविगो हा आठवड्याचा पास सोमवार ते रविवारच धरला जातो, शुक्रवारपासून तर त्या आठवड्याचा मिळतही नाही. पासाच्या कार्डावर २.५ बाय ३ सेंटीमीटरचा फोटो चिकटवावा लागतो. आपल्याकडचा पासपोर्ट साइज फोटो त्यात मावत नाही, तो कापून न्या. फोटो नसलेलं कार्ड तपासनिसाने धरलं तर पैसे भरलेले असूनही दंड होतो.

दिवस पहिला, बुधवार: बुलव्हारांवरून ऑपेरापर्यंत

सुरुवात रेप्युब्लिक स्टेशनपासून. बाहेर पडून पश्चिमेकडे बुलव्हार सँ-मार्तँ हा रुंद रस्ता धरायचा. २९ नंबरला ८ डिसेंबर १८६१ रोजी मेलिएस जन्मला. वडील झाँ-लुई बूट बनवणारे, कारागिरापासून कारखानदारापर्यंत चढलेले, आई डच. तीन भावांत जॉर्ज धाकटा. चित्रकार व्हायचं होतं, पण घरच्या कारखान्यात बसावं लागलं आणि त्याच्या वाट्याला यंत्रांची देखभाल आली. चरित्रांमध्ये हा भाग एका ओळीत उरकतात. खरं तर पुढचं सगळं त्यावर उभं आहे. यंत्र बिघडलं तर उघडून बसायची भीती त्याला कधी वाटली नाही.

तिथून ऑपेरापर्यंतचा रस्ता अडीच किलोमीटरच्या आसपास, सपाट, चालत जाण्यासारखा. जेवणाची सोय आधीच बघायची असेल तर सुरुवातीच्याच टप्प्यात, फोबूर सँ-देनीला लागून पासाज ब्रादी आहे. तिथे भारतीय-पाकिस्तानी खाणावळी आहेत, शाकाहारी माणसाचं अडत नाही.

बुलव्हार मोंमार्त्रवर १० नंबरला ग्रेवँ हे मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय. पुतळे बघायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. याच इमारतीतल्या छोट्या रंगमंचावर तरुण मेलिएस जादूचे प्रयोग करायचा, आणि इथेच ऑक्टोबर १८९२ पासून एमिल रेनो आपली हाताने रंगवलेली हलती चित्रं पडद्यावर दाखवत होता, ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या सिनेमा-खेळाच्या तीन वर्षं आधी.

पुढे रिशल्यो-द्रुओचा चौक. इथे थांबायचं. ८, बुलव्हार देझ इतालियँ हा पत्ता शोधत बसू नका. बुलव्हार ओसमान पुढे वाढवला तेव्हा तो भाग पाडला गेला आणि तिथलं रोबेर-उदँ थिएटर त्यात गेलं. आज आपण ज्या गर्दीच्या चौकात सिग्नलला उभे असतो, त्याच्या आसपासच ते होतं. रोबेर-उदँ हा घड्याळजी-जादूगार, आधुनिक जादूचा जनक म्हणावा असा. १८८८ मध्ये मेलिएसने कारखान्यातला आपला हिस्सा भावांना विकून हे थिएटर घेतलं. जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, पण भुयारी दारं, तारा, चाप आणि रोबेर-उदँच्या यांत्रिक बाहुल्या यांनी भरलेलं. बाहुल्या दुरुस्त केल्या, नवे प्रयोग बसवले. आपल्या सिनेमातल्या मेलिएसला सगळं इथे सापडलं: रंगमंचाची चौकट, प्रेक्षकाकडे बघून केलेलं अभिवादन, काळा पडदा, आणि झान दाल्सी ही नटी, जी पुढे त्याची दुसरी बायको झाली.

आदल्या रात्री बघायची फिल्म म्हणजे १८९६ ची 'रोबेर-उदँमध्ये बाई गायब'. बाई खुर्चीवर बसते, अंगावर कापड टाकतात, कापड काढलं की बाई नाही. मग तिच्या जागी सांगाडा, मग पुन्हा बाई. रंगमंचावर हा प्रयोग भुयारी दारातून व्हायचा. फिल्ममध्येही मेलिएस खुर्चीखाली आधी वर्तमानपत्र पसरून दाखवतो, 'बघा, खाली दार नाही'. इथे खरंच दार नव्हतं.

ही युक्ती पुस्तकांत 'कॅमेरा थांबवला, बदल केला, पुन्हा चालवला' अशी लिहिलेली असते. तेवढ्यावर ती जमत नाही. नटाने जागच्या जागी गोठून राहायचं. कॅमेऱ्याची घोडी जमिनीशी पक्की, बोटभरही हलता कामा नये. हँडल थांबवायचं, बाई बाजूला, हँडल पुन्हा सुरू. अडचण अशी की हाताने फिरवायचं हँडल क्षणात थांबत नाही आणि क्षणात वेगही घेत नाही. वेग कमी होताना शटर, म्हणजे उजेड अडवणारी चकती, सावकाश फिरतं, त्या फ्रेमांवर जास्त उजेड पडतो आणि पडद्यावर पांढरा भपका दिसतो. शिवाय माणूस कितीही कसलेला असला तरी पुन्हा नेमकी तीच मान, तोच हात जुळत नाही. म्हणून मेलिएस निगेटिव्हवर कात्री चालवायचा. थांबतानाच्या आणि सुरू होतानाच्या फ्रेमा कापायच्या, दोन्ही बाजूंची हालचाल जिथे बरोबर जुळते ती जोडी शोधायची, एका टोकावरचा थर खरवडून टोकावर टोक ठेवून डिंक लावायचा. एकेक फ्रेम पुढे नेत बघितलं तर चांगल्या प्रतीत चमत्काराच्या नेमक्या क्षणी फ्रेमेच्या कडेला सांध्याची आडवी रेघ सापडते. जादू कॅमेऱ्यात अर्धी झाली, उरलेली टेबलावर.

त्याच रस्त्याने पुढे प्लास द लोपेरा. इथलीच ती प्रसिद्ध हकिगत, मेलिएसने १९०७ साली स्वतः लिहिलेली: कॅमेरा मध्येच अडकला, मिनिटभराने सुरू झाला, आणि पडद्यावर मादलेन-बास्तीय मार्गाच्या घोड्यांच्या बसची एकदम शववाहिका झाली. ती फिल्म आज उपलब्ध नाही. हकिगत गोड आहे, पण सगळं श्रेय तिला देऊ नये. एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्येच स्कॉटलंडच्या राणी मेरीचा शिरच्छेद दाखवताना नटाच्या जागी बाहुली ठेवून हेच केलं होतं. मेलिएसचं मोठेपण अपघातात नाही. त्या अपघाताचं त्याने रोजचं कौशल्य केलं, त्यात आहे.

दिवस संपवायचा १४, बुलव्हार दे काप्युसीनवर, आजच्या हॉटेल स्क्रीबपाशी. भिंतीवर पाटी आहे. २८ डिसेंबर १८९५ ला इथल्या ग्रां काफेच्या तळघरात, सालों अँदियँ म्हणजे 'भारतीय दालना'त, ल्युमिएर बंधूंचा पैसे घेऊन केलेला पहिला खेळ झाला. तिकीट एक फ्रँक, पैसे देऊन आलेले ३३ जण. सात महिन्यांच्या आत, ७ जुलै १८९६ ला, त्यांचाच खेळ मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलात झाला. त्यांच्या सिनेमाच्या यंत्राची पोच एवढ्या झपाट्याची होती. मेलिएसने या बंधूंच्या वडिलांकडे, आंत्वान ल्युमिएरकडे, यंत्र विकत मागितलं, दहा हजार फ्रँक देऊ केले. नकार मिळाला. मग तो लंडनला गेला आणि रॉबर्ट पॉलकडून प्रोजेक्टर घेऊन आला.

दिवस दुसरा, गुरुवार: बेर्सी

मेट्रोचं बेर्सी स्टेशन, ६ किंवा १४ नंबरची लाइन. ५१, र्यू द बेर्सी ही फ्रँक गेरीने बांधलेली वेडीवाकडी पांढरट इमारत म्हणजे सिनेमातेक फ्राँसेझ. मेलिएसला वाहिलेलं संग्रहालय इथे २०२१ पासून आहे. कामाच्या दिवशी ते दुपारी उघडतं, सकाळी जाऊन दारात ताटकळू नका. निवांत बघायला तीन तास लागतात. काचांवर उजेड परततो, आणि मूळ रेखाटनं जपण्यासाठी आत प्रकाश मंद ठेवलेला असतो, त्यामुळे फोटोंच्या नादी न लागता बघण्यावर भर द्यावा.

सर्वात आधी यंत्रं. पॉलकडून आणलेला प्रोजेक्टर मेलिएसने उलगडला आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवला. सप्टेंबर १८९६ मध्ये कोर्स्तेन आणि र्युलो या दोघांसोबत पेटंट घेतलं. प्रोजेक्टरचा कॅमेरा होतो कसा? दोन्हींत काम एकच: फीत क्षणभर थांबवायची, उजेड पाडायचा, झाकायची, एक फ्रेम पुढे ओढायची. फरक इतकाच की कॅमेऱ्यात पेटी पूर्ण अंधारी लागते. मेलिएसचं यंत्र जड आणि भयंकर आवाजी होतं. मूकपटात आवाजाने काही बिघडत नाही, पण वजनामुळे ते एका जागी राहिलं, आणि एका जागी राहणं हेच पुढे त्याच्या युक्त्यांना पोषक ठरलं.

फिल्मची अडचण वेगळी. ईस्टमनची जी फीत त्याने लंडनहून आणली तिला भोकंच नव्हती. ती पाडायचं यंत्र आधी करवून घ्यावं लागलं. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फ्रेमेला दोन्ही कडांना चार-चार भोकं. दोन भोकांतलं अंतर केसभर जरी बदलत गेलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं, आणि एकाच फितीवर दोनदा चित्रण केलं तर दोन चित्रं एकमेकांवरून घसरतात. मेलिएसने १९०९ च्या पॅरिसमधल्या निर्मात्यांच्या परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं तेव्हा सगळ्यांची भोकं एकसारखी असावीत यावर जोर दिला, तो याच अनुभवातून. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले तेव्हा विल्यमसन कॅमेऱ्यासोबत भोकं पाडायचं यंत्रही घेऊन आले, कारण कोडॅकची कच्ची फिल्म तशीच येत असे. फाळकेही आधी जादूचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' या उलट्या नावाने. दोघांची कधी गाठ पडली नाही, पण अंधाऱ्या खोलीत फितीला भोकं पाडत बसण्याचा तो कंटाळवाणा उद्योग दोघांनाही सारखाच करावा लागला.

संग्रहालयात फिरताना एक हिशेब खिशात ठेवा. एक मीटर फितीत सुमारे ५२ फ्रेमा. हँडलच्या एका फेऱ्यात आठ, सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. सुरुवातीची २० मीटरची फिल्म म्हणजे हजारेक फ्रेमा, पडद्यावर मिनिटभराहून थोडी जास्त. १९०२ ची 'चंद्रावरची सफर' २६० मीटरची, सुमारे चौदा मिनिटं. हे आकडे डोक्यात असले की कुठल्याही रेखाटनाखाली लिहिलेली लांबी वाचून त्या फिल्मचा जीव केवढा होता ते लगेच कळतं.

'चंद्रावरच्या सफरी'साठी वेगळा वेळ काढा. तीस दृश्यं, तीन महिन्यांचं काम, मेलिएसच्या सांगण्यानुसार दहा हजार फ्रँक खर्च, आणि त्यातला मोठा वाटा चंद्रवासीयांच्या पोशाखांचा. आधी मातीची मूर्ती, तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यातून पुठ्ठ्याचं डोकं, पाय, टोकदार सांधे. आतली माणसं फोली बेर्झेर या नाचगाण्याच्या थिएटरची कसरतपटू होती, म्हणून तो वेश घालून त्यांना कोलांट्या मारता आल्या. नेहमीच्या नटांना ते झेपलं नसतं. फिल्म अमेरिकेत इतकी चालली की तिकडच्या कंपन्यांनी तिच्या सर्रास नकला काढून विकल्या. मेलिएसला त्या पैशातलं फारसं काही मिळालं नाही. स्टार फिल्म या आपल्या कंपनीचा तारा दृश्याच्या नेपथ्यातच ठेवायची त्याची सवय याच चोरीवरचा उपाय होता. पुढच्या वर्षी त्याने थोरल्या भावाला, गास्तोंला, न्यूयॉर्कला पाठवून कचेरी उघडली.

त्या कचेरीमुळे एक सुंदर गोष्ट घडली. अमेरिकेसाठी वेगळी निगेटिव्ह लागू लागली, म्हणून दोन भिंगं शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी दोन निगेटिव्ह काढली जाऊ लागली. दोन भिंगांतलं अंतर माणसाच्या दोन डोळ्यांसारखं पडलं. आज दोन्ही प्रती सापडलेल्या फिल्म, उदाहरणार्थ १९०३ ची 'नरकातली कढई', एकत्र जुळवल्या की चक्क त्रिमिती दिसतात. हे मेलिएसच्या मनातही नव्हतं.

दिवस तिसरा, शुक्रवार: मोंत्रय

सगळ्या सफरीत महत्त्वाचा दिवस हा, आणि बघायला सर्वात कमी. मेट्रो ९ नंबर, क्र्वा द शावो किंवा शेवटचं मेरी द मोंत्रय स्टेशन. तिथून र्यू फ्राँस्वा-दबेर्गपर्यंत चालायचं. इथे मेलिएस कुटुंबाची बाग आणि घर होतं, आणि १८९७ मध्ये बागेत त्याने काचेचा स्टुडिओ बांधला. आज स्मृतिपाटी आहे आणि राहती घरं आहेत. घरांपुढे घोळका करून फोटो काढू नयेत.

काचेचा का, याचं उत्तर दुपारी बाराच्या उन्हात उभं राहून द्यावं. त्या काळची फिल्म इतकी मंद होती की भरपूर सूर्यप्रकाशाशिवाय चित्रच उमटत नसे. उघड्यावर चित्रण केलं तर वारा नेपथ्याचे पडदे हलवतो, पाऊस रंग धुतो. म्हणून रोबेर-उदँच्या रंगमंचाच्या मापाचा मंच, आणि त्याभोवती काच. काच दुधी, म्हणजे चौकटींच्या लोखंडी पट्ट्यांची सावली नटांवर पडू नये. त्यावर आडपडद्यासारख्या सरकत्या झडपा, पातळ कापड लावलेल्या, ऊन कमी-जास्त करायला. तरी ढगावर कोणाचा इलाज नाही. युक्तीच्या दृश्यात मध्येच ढग आला तर सांध्याच्या अलीकडचा भाग उजळ आणि पलीकडचा काळवंडलेला, आणि प्रेक्षकाला फसवणूक कळते. मग थांबायचं. नट वेशात, अंगावर पुठ्ठ्याचे कवच, वर काचेचं छप्पर. उन्हाळ्यात आत काय होत असेल ते सांगायला नको.

दुसरी अडचण रंगांची. ती फिल्म लाल रंग जवळजवळ बघतच नसे. लाल आणि पिवळा काळे यायचे, निळा पांढरा. रंगीत पडदा रंगवला तर त्याचा तोल पूर्ण बिघडायचा. म्हणून मेलिएस सगळं नेपथ्य काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटांत रंगवायचा. सामानसुमान करडं, कपडे त्याच हिशेबाने निवडलेले. गालाला लाली लावली तर गाल काळे दिसतील, तेव्हा मेकअप काळा-पांढरा. १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक त्याने लंडनच्या चार्ल्स अर्बन या फिल्म-व्यावसायिकासाठी याच बागेत, खऱ्या समारंभाच्या आधीच चित्रित केला, आणि लोकांनी तो मानला. करड्या रंगात रंगवलेले दगडी खांब फिल्मवर खऱ्या दगडासारखे दिसायचे, हे त्यातलं गुपित.

आदल्या रात्रीच्या फिल्म: 'एक माणूस, सगळा वाद्यवृंद' (१९००), 'रबरी डोक्याचा माणूस' (१९०१), 'संगीतवेडा' (१९०३). पहिलीत सात मेलिएस सात खुर्च्यांवर बसून वाजवतात. एकच फीत सात वेळा कॅमेऱ्यातून गेली आहे. पाठीमागे गडद काळं, कारण काळ्यापासून प्रकाश येत नाही आणि फीत त्या जागी कोरी राहते. एका खेपेत एक मेलिएस टिपायचा, बाकी जागा काळी. फीत अंधारात गुंडाळून पुन्हा अचूक पहिल्या फ्रेमेवर आणायची, मग दुसरा. हँडल फिरवणाऱ्याने मोजत राहायचं, नटाने त्याच मोजणीवर हालचाल करायची, कारण तिसऱ्या नंबरच्या मेलिएसने ज्याच्याकडे बघून मान डोलवायची तो चौथा अजून तिथे आलेलाच नसतो. एखादा शेजारच्याच्या जागेत चुकून हात घालून गेला तर तो हात पारदर्शक, भुतासारखा दिसतो. आणि सहाव्या खेपेला फीत फाटली तर आधीच्या पाचही खेपा गेल्या. पॅच लावायला जागाच नाही.

'रबरी डोकं' याहून अवघड. टेबलावर ठेवलेलं मेलिएसचं डोकं भात्याने हवा भरताच फुगत जातं आणि फुटतं. कॅमेरा हलला नाही; तो जड कॅमेरा एकसारखा पुढे ढकलणं शक्यच नव्हतं. हलला मेलिएस. चढत्या फळीवर रूळ, रुळांवर चाकांची गाडी, तिच्यावर तो बसलेला, डोकं सोडून बाकी सगळं काळ्यात झाकलेलं. दोराने गाडी कॅमेऱ्याकडे ओढली की डोकं मोठं होतं. फळी चढती का? सपाट रुळावर डोकं मोठं होताना हनुवटी खाली सरकते आणि टेबलाच्या आत घुसल्यासारखी दिसते. चढाचा कोन असा हवा की डोकं वाढलं तरी हनुवटी टेबलावरच टेकलेली राहील. गाडी जवळ येताना भिंगाची स्पष्टताही तशीच बदलत न्यायची. एकेक फ्रेम बघताना फक्त हनुवटीवर नजर ठेवा.

असा स्टुडिओ आतून कसा दिसे याचा अंदाज हवा असेल तर दुपारी र्यू द्यु सेर्जाँ-बोबिय्योवर ५२ नंबरला जावं. पाथेचा १९०४ च्या सुमाराचा काचेचा स्टुडिओ तिथे अजून उभा आहे, पुढे तो आल्बात्रोस या रशियन निर्वासितांच्या कंपनीकडे होता. आत जायला मिळेलच असं नाही, पण बाहेरूनही छपराची ती काच बघून मेलिएसचा उद्योग डोळ्यांपुढे उभा राहतो. आमच्या मते मोंत्रयमध्ये खरा ऐवज हाच. संध्याकाळी नगरपालिकेजवळच्या 'ल मेलिएस' या सार्वजनिक चित्रपटगृहात लागलेला कुठलाही सिनेमा बघून परतावं.

याच बागेत १९२३ मध्ये, सगळं विकावं लागल्यावर, मेलिएसने साठवलेली निगेटिव्ह जाळली. ठेवायला जागा उरली नव्हती, आणि नायट्रेटची फिल्म घरात ठेवणं म्हणजे दारूगोळा ठेवणं. त्याआधी महायुद्धात लष्कराने त्याच्या चारशेहून जास्त प्रती वितळवल्या होत्या: चांदी काढून घेतली, कचकड्याच्या टाचा केल्या, बुटांच्या. बूट बनवणाऱ्याच्या मुलाच्या फिल्मची ही गत. पाचशेवर फिल्मांपैकी आज दोनशेच्या आसपास हाती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच अमेरिकेतल्या त्या दुसऱ्या निगेटिव्हमुळे.

दिवस चौथा, शनिवार: र्यू द्यु बाक आणि गोबलँ

सकाळी १२ नंबरच्या लाइनने र्यू द्यु बाक. याच रस्त्यावर एलिझाबेत त्युइलिए यांचं रंगकाम चाले. दोनशेच्या वर बायका तिथे काम करत. पद्धत अशी: प्रत्येकीला एकच रंग. पहिली सगळ्या फितीवरचे, समजा, लाल भाग भरणार, मग फीत पुढच्या टेबलावर, तिथे निळा. फ्रेम सुमारे २४ बाय १८ मिलिमीटरची, त्यातला माणसाचा कोट तांदळाच्या दाण्याएवढा. ॲनिलीनचे पारदर्शक रंग, बारीक कुंचला. रंग जास्त झाला तर चित्राबाहेर ओघळतो आणि पडद्यावर तो डाग हातभर होतो. प्रत्येक प्रत वेगळी रंगवली जायची, म्हणून एका फिल्मच्या दोन रंगीत प्रती कधीच सारख्या नसत.

'चंद्रावरच्या सफरी'ची रंगीत प्रत १९९३ मध्ये बार्सिलोनाच्या संग्रहात मिळाली, तीही थरावर थर चिकटून गोळा झालेली. तिचे थर अतिशय सावकाश सोडवून एकेक फ्रेमेचे फोटो घेतले गेले, गहाळ भाग काळ्या-पांढऱ्या प्रतींवरून भरून त्यांना रंग दिला गेला. एकूण १३,३७५ फ्रेमा. ११ मे २०११ ला कान महोत्सवात ती पुन्हा पडद्यावर आली. तोफ उडवण्याच्या दृश्यातला झेंडा नीट बघा, तो स्पेनचा लाल-पिवळा आहे. प्रत स्पेनच्या गिऱ्हाइकासाठी रंगवलेली होती.

दुपारी प्लास दितालीजवळ ७३, आव्हन्यू दे गोबलँ. दर्शनी भागावर तरुण रोदँची शिल्पं, मागे रेन्झो पियानोने बांधलेली फुगीर काचेची इमारत. हे पाथेचं अभिलेख-केंद्र. तळाच्या छोट्या दालनात मूकपट पियानोच्या साथीने दाखवतात. तिकीट आधी काढून ठेवा, जागा थोड्या आहेत. मूकपट कानांशिवाय बघायचा नसतो, हे इथे पहिल्या पाच मिनिटांत पटतं.

मेलिएसचा उतार समजायलाही जागा हीच. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे जत्रांतून तंबू घेऊन फिरणारे खेळवाले. ते फिल्म मीटरच्या भावाने विकत घेत आणि चिंध्या होईपर्यंत दाखवत. पाथेसारखे मोठे कारखाने आठवड्याला नव्या फिल्म काढू लागले आणि फिल्म विकण्याऐवजी भाड्याने देऊ लागले. भाड्याचा धंदा त्यालाच परवडतो ज्याच्याकडे सतत नवा माल आहे. मेलिएस लिहायचा, रंगवायचा, नाचायचा, जोडायचा, सगळं एकटा. १९११ मध्ये त्याने पाथेकडून पैसे घेतले, तारण मोंत्रयचं घर आणि स्टुडिओ. १९१२ ची 'ध्रुवावर विजय' तिच्यातल्या माणसं गिळणाऱ्या प्रचंड यांत्रिक हिमराक्षसासाठी जरूर बघा. तो राक्षस म्हणजे रोबेर-उदँच्या बाहुल्यांचा थोरला भाऊ. पण तोवर प्रेक्षक खऱ्या रस्त्यांवरच्या, कॅमेरा जवळ नेऊन टिपलेल्या गोष्टींना सरावला होता. १९१३ नंतर मेलिएसने फिल्म काढली नाही. त्याच वर्षी त्याची पहिली बायको वारली.

दिवस पाचवा, रविवार: मोंपार्नास आणि पेर लाशेझ

मोंपार्नास स्टेशनात मेलिएसचं दुकान शोधणारे बहुतेक जण चुकीच्या इमारतीत शोधतात. जुनं स्टेशन १९६० च्या दशकात पाडलं आणि आजचं त्याच्या मागे सरकवून बांधलं. जुन्याच्या जागी आज मोंपार्नासचा मनोरा आणि त्यापुढचं पटांगण आहे. १९२५ मध्ये झान दाल्सीशी लग्न केल्यावर तिच्या खेळणी-मिठाईच्या टपरीत तो बसू लागला. तिथून पत्रकारांनी त्याला पुन्हा शोधलं, त्याच्या काही फिल्म हाती लागल्या, आणि १६ डिसेंबर १९२९ ला साल प्लेयेलमध्ये त्याच्या सन्मानाचा मोठा खेळ झाला. १९३१ मध्ये लेजियाँ दॉनर हा किताब मिळाला, तो दिला लुई ल्युमिएरने. १९३२ पासून शेवटपर्यंत तो ओर्लीमध्ये सिनेमावाल्यांच्या वृद्धाश्रमात राहिला, सोबत दाल्सी आणि नात मादलेन. पुढे आजोबांच्या फिल्म जगभरातून गोळा करण्यात या नातीने आयुष्य घातलं.

पेर लाशेझला जाताना ३ नंबरच्या लाइनवरचं गांबेता स्टेशन घ्यावं. तिथला दरवाजा उंचावर आहे, म्हणजे दफनभूमी उतारावरून बघत खाली येता येतं. मुख्य दरवाजातून शिरलं तर पूर्ण चढ. दगडी फरसबंदी खडबडीत आहे, पावसानंतर निसरडी. मेलिएस ६४ नंबरच्या विभागात आहे. विभागांचे क्रमांक कोपऱ्यावरच्या खांबांवर लिहिलेले असतात, पण आतल्या ओळींना खुणा नाहीत. दरवाज्यापाशी नकाशा बघून त्याचा फोटो काढून घ्या आणि त्याच्या अर्धपुतळ्यावर लक्ष ठेवा. तो २१ जानेवारी १९३८ ला गेला. आदल्याच दिवशी एमिल कोल गेला होता, रेखाटनांना पडद्यावर चालायला लावणारा. कोलच्या अस्थी याच आवारातल्या अस्थिगृहात आहेत.

वेळ उरला तर खाली ८ नंबरच्या विभागात उतरा. तिथे रोबेर्तसनची कबर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जादूच्या कंदिलाला चाकं लावून, अंधारात तो पडद्याजवळून मागे ओढत, लोकांच्या अंगावर धावून येणारी भुतं दाखवणारा हा माणूस. कबरीवर पंखांच्या कवट्या आहेत, आणि एका बाजूच्या शिल्पात भुतांना बघून हादरलेला प्रेक्षकवर्ग कोरलेला आहे. चाकांवरची वस्तू पुढे-मागे सरकवून चित्र मोठं करणं: शंभर वर्षांनी मेलिएसने त्या गाडीवर स्वतःचं डोकं ठेवलं. बंद व्हायच्या आधी रखवालदार घंटा वाजवत फिरतात. घंटा ऐकली की मुख्य दरवाज्याकडे निघावं, तो इथून जवळ पडतो.